तीनशे साठ दिवस आणि एक लाडू

त्या सोमवारी सकाळी मी फक्त एक शब्द बोललो. 'मस्त.' पुढे जे काही झालं ते त्या शब्दानं केलं, त्यात माझा काही हात नव्हता. (दात होता.)

सत्त्याण्णव सालचा जानेवारी. बडोद्यात थंडी पडली की माझी बायको शालिनी डिंकाचे लाडू करते आणि ते फुटतात. वळताना लाडू असतात, डब्यातून काढताना चुरा. दोन वर्षांपूर्वी इथल्याच अकोट्याच्या महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला तिनं हौसेनं लाडू नेले, तेव्हा मंडळाच्या सेक्रेटरी आनंदीताई सगळ्यांसमोर "चमचे आणा गं" असं म्हणाल्या होत्या. ते चमचे शालिनीच्या मनाला फार लागले होते. यंदा शनिवारच्या हळदीकुंकवाला चाळीस लाडू आणायचं तिनं पुन्हा कबूल केलं, आणि रविवारी अख्खी दुपार गुळाच्या पाकापाशी उभी राहून आधी नमुन्याचे अकरा वळले.

सोमवारी चहाबरोबर त्यातला एक माझ्यापुढे आला.

"तू नाही घेत?" मी विचारलं.

"आज माझा सोमवार आहे."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तिचा सोमवार मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पण कंपनीची बस आमच्या गोत्रीच्या सोसायटीसमोर सहा चाळीसला येते आणि एक मिनिटसुद्धा थांबत नाही, म्हणून मी चौकशी न करता लाडवाला दात लावला.

कट्ट असा आवाज झाला. लाडू जसाच्या तसा होता. वरचा समोरचा दात मात्र अर्धा माझ्याकडे आणि अर्धा लाडवात, भिंतीत ठोकलेल्या खुंटीसारखा.

"कसा झालाय?" शालिनी समोर उभी राहून विचारत होती. तिच्या डोळ्यांत मला पुढचे चाळीसच्या चाळीस लाडू दिसले.

"मस्त," मी ओठ शक्य तितके मिटून म्हणालो.

"बसलाय ना नीट?"

"घट्ट बसलाय."

एवढं बोलून मी दातासकट लाडू रुमालात घेतला आणि बस गाठली.

मी मकरपुऱ्यात पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत डिस्पॅच क्लार्क आहे. दिवसभर चलनं फाडायची आणि माल बाहेर काढायचा. तोंड उघडायची फारशी गरज नसते. लाडू एका चलनात गुंडाळून मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवला आणि संध्याकाळपर्यंत कोणाला काही कळलं नाही. पण घरी चहा पिताना तो फटीतून शर्टावर आला.

"अहो, दात कुठे गेला?" शालिनीनं विचारलं आणि लगेच जरा घाबरून म्हणाली, "लाडू खाताना तर नाही ना तुटला?"

"छे. कंपनीत." खरं सांगायची ही दुसरी संधी होती, तीही मी घालवली. "पाना लागला."

"तुम्ही पान्याच्या वाटेला कशाला गेलात?"

"मशीन शॉपमध्ये सही घ्यायला गेलो होतो. तेव्हा लागला."

हे ऐकून तिचा चेहरा चक्क उजळला. नवऱ्याला पाना लागल्यावर बायकोनं इतकं खुलावं याचं मला जरा वाईट वाटलं. पण लगेच तिनं मला स्कूटर काढायला लावून अकोट्याला डॉक्टर मोहनांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मोहना वयानं लहान, पण हात पक्का. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "तुटलेला तुकडा आहे का? असेल तर चिकटवता येईल. नाहीतर रूट कॅनाल करून वर कॅप बसवावी लागेल."

तुकडा मकरपुऱ्यात, माझ्या ड्रॉवरमध्ये, लाडवात सुरक्षित होता. "हरवला," मी म्हणालो. (रूट कॅनाल म्हणजे काय हे तेव्हा मला ठाऊक असतं तर मी त्याच क्षणी सगळं कबूल केलं असतं.)

मग कॅपचा रंग ठरवायचं निघालं. डॉक्टरांनी नमुन्याच्या दातांचा एक जुडगा काढला, पांढऱ्यापासून चहाच्या रंगापर्यंत सोळा दात. त्यातला शेवटून दुसरा त्यांनी माझ्या दातांशेजारी धरला. "हा बरोब्बर जातोय."

"ट्यूबलाइटमध्ये रंग कळत नाही," शालिनी म्हणाली. "जरा उजेडात बघून येते."

मंगळबाजारात ती साडीला ब्लाउजपीस जुळवायला दुकानाबाहेर येते, तशी ती तो जुडगा आणि मला घेऊन फूटपाथवर आली. मी मावळतीकडे तोंड करून ओठ वर उचलून उभा राहिलो आणि ती एकेक दात लावून मागे सरकून पाहत राहिली. समोरचा सेव-उसळवाला गिऱ्हाईक सोडून आला. त्याचं मत डॉक्टरांसारखंच पडलं. पण शालिनीनं सगळ्यात पांढरा निवडला.

"बाकीच्यांशी जुळत नाही हो," डॉक्टर दारात येऊन म्हणाल्या.

"बाकीचे घासून घेतील ते," शालिनी म्हणाली. मग रंगाचं नक्की करायचं म्हणून ती एकटीच पुन्हा आत गेली आणि दार लावून घेतलं. मी पाऊण तास बाहेर जुनी मासिकं वाचली. बाहेर आली तेव्हा तिनं उजव्या गालावर पदर धरला होता. आत एसी फार होता, असं म्हणाली.

मंगळवारी सकाळी बसस्टॉपवर विश्वंभर माझी वाटच पाहत होता. विश्वंभर आमच्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर राहतो, मशीन शॉपमध्ये काम करतो आणि युनियनचा माणूस आहे. शालिनीनं त्याच्या बायकोला, विमलला, पान्याचं सांगितलं होतं.

"माझ्या शॉपमध्ये तुला लागतं नि मला खबर नाही?" तो बसमध्ये माझ्याशेजारी बसत म्हणाला. "कोणाच्या हातातला पाना?"

"हातातला नाही रे. वरून पडला."

"वरून? वर तर क्रेन आहे. क्रेनवरून पडला?"

तेवढ्यात बस खड्ड्यात गेली आणि माझी मान जोरात हलली. विश्वंभरनं तो होकार धरला. मकरपुरा येईपर्यंत पान्याचा क्रेनचा हुक झाला होता आणि मागच्या सीटवरचे लोक माझ्याकडे, मी वाचलो कसा, अशा नजरेनं बघत होते.

याचा अर्थ काय ते मला गेटवर कळलं. आमच्या गेटवर एक काळा फळा आहे. 'अपघाताविना दिवस' असं वर रंगवलेलं आणि खाली खडूनं आकडा. सोमवारी तो तीनशे साठ होता. तीनशे पासष्ट झाले, म्हणजे येत्या शनिवारी, की सहाशे कामगारांना प्रत्येकी एक पाच लिटरचा प्रेशर कुकर मिळायचा होता. कुकर येऊनसुद्धा पडले होते, माझ्याच गोडाऊनमध्ये, छतापर्यंत. आणि कंपनीत एक जरी अपघात झाला तर आकडा शून्यावर. मंगळवारी फळ्यावर तीनशे एकसष्ट लिहायला वॉचमन खडू घेऊन आला होता, त्याला सेफ्टी ऑफिसर केयूरभाईनं थांबवून ठेवलं होतं.

केयूरभाई सव्वीस वर्षांचा पोरगा. नोकरी कायम व्हायची होती आणि ती या फळ्यावरच अवलंबून होती. त्यानं मला ऑफिसात बसवलं आणि फॉर्म काढला.

"जनार्दनभाई, साचुं कहो. दात क्यां तूट्यो?"

"घरी," मी म्हणालो. हे खरंच होतं. पण पुढे कसा, ते सांगवेना. "बाथरूममध्ये पाय घसरला."

केयूरभाईच्या चेहऱ्यावर जीव आला. त्यानं पेन उघडलं, तोच विश्वंभर आत शिरला.

"काल बायकोला पाना सांगितला, आज बसमध्ये क्रेन सांगितली, आणि साहेबापुढे बसवल्यावर बाथरूम?" तो म्हणाला. "केयूरभाई, दबाव आणता गरीब माणसावर? हे नाही चालशे. चौकशी पाहिजे."

माझ्या बाजूनं इतक्या तळमळीनं आजवर कोणी भांडलं नव्हतं. आणि मला ते नको होतं.

बुधवारी दुसऱ्या पाळीनं दाताचा तुकडा शोधायला सगळं मशीन शॉप झाडलं. दिवाळीत हरवलेला विश्वंभरचा चष्मा सापडला, दोन पाने सापडले. दात सापडला नाही. फळा तीनशे साठवरच होता, आणि सहाशे माणसं येता-जाता आधी त्याच्याकडे आणि मग माझ्या तोंडाकडे बघत होती. कँटीनमध्ये माझ्या बाकावर कोणी बसेना.

गुरुवारी सकाळी केयूरभाई एकटाच माझ्या टेबलाशी आला. वाटलं, आता ओरडेल. त्यानं माझ्यासाठी पाण्याचा ग्लास आणला होता. "ठंडुं छे," तो म्हणाला, "दातमां लागशे तो नहीं ने?"

मला माझी मनापासून लाज वाटली. एका बाजूला शालिनी आणि तिचे लाडू, दुसऱ्या बाजूला सहाशे कुकर आणि हा पोरगा. मी ड्रॉवर उघडला आणि चलनाची पुडी सोडून त्याच्यापुढे ठेवली.

"आ शुं छे?"

"लाडू."

"मने तो बेअरिंग लाग्युं," केयूरभाई म्हणाला. मग त्यानं लाडू फिरवला आणि त्याला दात दिसला.

"केयूरभाई, कोणाला सांगू नका. बायकोच्या हातचा आहे. शनिवारी हळदीकुंकू आहे."

"कोईने नहीं कहुं," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. पण चौकशी म्हटली की पुरावा आलाच. पंधरा मिनिटांत लाडू मॅनेजरच्या टेबलावर होता.

विश्वंभरचा विश्वास बसेना. "लाडवानं दात तुटतो कधी? मीही बायकोच्या हातचं खातो." म्हणून लाडू क्वालिटी कंट्रोलमध्ये गेला. तिथे लोखंडाचा कडकपणा मोजायचं मशीन आहे. त्यावर त्यांनी लाडू ठेवला, आकडा लिहून घेतला आणि हे कुठल्या ग्रेडचं कास्टिंग असं विचारलं. विश्वंभरनं शेवटी हातोडी आणली. टेबलाला खड्डा पडला. "केस बंद," तो म्हणाला.

दुपारी नोटीस लागली. 'अपघात कंपनीबाहेर झाला. कारण : घरगुती लाडू.' फळ्यावर एकदम तीनशे त्रेसष्ट चढला, टाळ्या पडल्या, लोकांनी मला कँटीनमध्ये बसायला जागा दिली. मी मात्र घरी जाऊन काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो.

त्यांचा काही उपयोग झाला नाही. विश्वंभरनं गेटवरूनच विमलला फोन केला होता. मी दार ढकललं तेव्हा शालिनी टेबलाशी बसली होती आणि पुढ्यात परातीत चाळीस लाडू होते. नवे, एकसारखे, चकचकीत.

"अगं, तुला वाईट वाटेल म्हणून मी..."

"रविवारी संध्याकाळी मी एक खाल्ला होता," ती म्हणाली. "माझी दाढ तुटली. उजवीकडची."

मी खुर्ची ओढून बसलो.

"मला वाटलं, दाढच किडकी असेल. उगाच लाडवाला कशाला दोष द्यायचा? म्हणून सोमवारी तुम्हाला एक देऊन बघितला. तुम्ही मस्त म्हणालात."

"आणि तुझा सोमवार?"

"दाढ ठणकत होती माझी. खाणार कशानं?" ती म्हणाली. "संध्याकाळी तुम्ही पाना सांगितलात तेव्हा जिवात जीव आला. म्हटलं, लाडू बरोबर आहेत. दाढ डॉक्टरांकडून भरून घेतली आणि तसाच पाक करून हे चाळीस वळले."

आम्ही परातीकडे बघत राहिलो. आधी ती हसली, गालावर हात धरून. मग मी हसलो, ओठावर हात धरून.

शनिवारी फळ्यावर तीनशे पासष्ट लागला. केयूरभाई कायम झाला, त्यानं मला स्वतःच्या हातानं कुकर दिला. दुपारी शालिनीनं त्यात चाळीस लाडू आणि दूध घालून सहा शिट्ट्या काढल्या. झाकण उघडलं तर आत इतकी सुरेख मऊ खीर झाली होती की आनंदीताईंनी दोनदा घेतली. त्या खरोखरच "चमचे आणा गं" म्हणाल्या आणि शालिनीनं ताठ मानेनं आणून दिले.

माझी कॅपही आली. बाकीच्या दातांत ती, जुन्या मोरीत एकच नवी टाइल बसवावी तशी दिसते. पण शालिनीची निवड आहे. मी तक्रार करत नाही.

त्या शनिवारीच तिनं आमच्याही घरी फळा सुरू केला. गॅसचा सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते त्या कॅलेंडरवर एका कोपऱ्यात आकडा: 'खोट्याविना दिवस'. तीनशे पासष्ट झाले की विषय कायमचा बंद, असं ठरलं. मी जिवापाड सांभाळलं. (बरेचसे दिवस मी गप्प राहून काढले.) पुढच्या जानेवारीत आकडा तीनशे साठवर आला, आणि त्या सकाळी माझ्या चहाशेजारी डिंकाचा लाडू आला.

मी तो दोन्ही हातांनी धरून, बाजूच्या दातांनी, बेतानं चावला. ना फुटला, ना दात घेतला. खमंग, खुसखुशीत, अगदी जसा हवा तसा.

"कसा झालाय?" शालिनीनं विचारलं.

"मस्त," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, कॅलेंडरपाशी गेली, तीनशे साठ खोडलं आणि शून्य लिहिलं.