रॅमला लावलेलं कुंकू

कंप्युटरची रॅम आपणच घरी वाढवायची असं मी ठरवलं, ते निव्वळ बायकोवरच्या प्रेमापोटी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तसं वाटणार नाही.

आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. मी एका ऑफिसात हेडक्लार्क. माझी बायको संयोगिता मराठीची शिक्षिका. मुलं लहान असताना तिनं नोकरी सोडली ती सुटलीच. यंदा मात्र परदेशातल्या मराठी मुलांना ऑनलाइन शिकवायचं काम तिच्याकडे चालून आलं. अट एकच : खंडेनवमीच्या दुपारी नमुन्याचा एक वर्ग घ्यायचा, आवडला तर काम पक्कं. ती रोज आरशासमोर उभी राहून धडा म्हणायची. इतकी खुशीत मी तिला कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

आमचा कंप्युटर मात्र रंगीत तालमीत ऐन 'नमस्कार मुलांनो'ला अडकला आणि संयोगिता पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठली. (बोलायची थांबलेली संयोगिता मी प्रथमच पाहत होतो. पण ते असो.)

"रॅम चारच जीबी आहे. आठ करू, बास होते," ती म्हणाली.

आठ? त्या दिवशी सासरे जेवायला येणार आणि आपण आठावर भागवायचं? मी थेट बत्तीस जीबी आणली. सोळा-सोळाच्या दोन पट्ट्या. बसवायची कशी ते व्हिडिओत पाहून घेतलं होतं.

खंडेनवमीला सकाळीच माझे सासरे भाऊसो उंब्रजहून आले. फौजेतले निवृत्त सुभेदार, आता ऊस पिकवतात. घरचा ट्रॅक्टर आणि अवजारं पुजूनच निघाले होते. जेवणं झाली, संयोगिता आत आवरायला गेली आणि मी टेबलावर पट्ट्या काढल्या.

"आवं जावईबापू, हे काय हाय?"

"रॅम. कंप्युटरची सगळी ताकद हिच्यात."

"मग पूजा न्हाई व्हय करायची? आज हत्यारं पुजायचा दिस. आन् ह्याच्यावर तर माझ्या लेकीचं काम हाय."

मुद्दा बिनतोड होता. ताट आलं, हळद-कुंकू आलं. मी कुठल्याही कामात हयगय करत नाही. पट्टीच्या कडेला सोनेरी दात असतात. तेच तिचं तोंड असणार असं धरून मी एकेका दाताला ओलं कुंकू लावलं. सासऱ्यांनी कंप्युटरच्या उघड्या पोटातही चिमूट-चिमूट वाहिलं. मग जुनी पट्टी काढून नव्या बसवल्या आणि बटण दाबलं.

पीप. पीप. पीप. पडदा काळाकुट्ट. मी कुंकवाच्याच हातांनी डोक्या-नाकावरचा घाम पुसला.

"बोलतंय की!" सासरे खूश.

"काय म्हणतंय पण?"

"ते तुमास्नी ठावं. शिकलेली मानसं तुमी."

आवाज ऐकून संयोगिता बाहेर आली. वर्गाला अर्धा तास उरला होता. तिनं आत वाकून पाहिलं. "कुंकू कुणी लावलं?"

मी सासऱ्यांकडे बोट दाखवलं. सरहद्दीवर छातीठोकपणे उभे राहिलेले सुभेदार पंख्याकडे बघायला लागले.

तिचे डोळे भरून आले. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. पण तिनं डोळे पुसले, प्लग काढला आणि म्हणाली, "दोघांनी तिकडे उभं राहायचं. हात मागं." सासरे आधी सावधान झाले.

तिनं कोरड्या ब्रशनं खाचा झाडल्या, जुन्या पट्टीचे दात खोडरबरनं घासले आणि तीच परत बसवली. कंप्युटर सुरू झाला! सासऱ्यांनी मला मिठीच मारली.

"हे काय?" संयोगिता पडद्याकडे बघत होती. "क्रिकेट, हवामान, राशिभविष्य, जुन्या सोफ्याच्या जाहिराती... ही सगळी पानं सुरू होताना आपोआप उघडतात?"

"मीच तशी सोय केलीय. बंद केली आणि परत लागली तर?"

"तर परत उघडतात, अहो!" तिनं सगळी बंद केली, आणि तो म्हातारा कंप्युटर चार जीबीवर सुरळीत चालू लागला. "ह्याला पुरत होती रॅम. तुम्हाला पुरत नव्हती. आता ही मागची वायर ढिली झालीय. खाली बसून धरा."

वर्गभर मी टेबलाखाली. वरून मुलांचं हसणं आणि त्यात संयोगिताचा मोकळा आवाज. इतकं गोड गाणंसुद्धा मी ऐकलेलं नाही. वायर प्राणपणानं धरली होती, पण पायात असा गोळा आला की मी ओरडलो आणि माझं कुंकवानं माखलेलं डोकं थेट कॅमेऱ्यासमोर उगवलं. (हात खालीच होता. वायर सोडली नाही.)

मी मनात म्हटलं, गेलं काम.

संयोगितानं पापणीही हलवली नाही. "मुलांनो, हे काय?"

"डोकं!"

"आणि हे?"

"नाक! लाल नाक!"

"टीचर, डोक्यात काय असतं?" एका मुलीनं विचारलं.

"मेंदू," संयोगिता म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "बहुतेकांच्या."

संध्याकाळी निरोप आला. काम पक्कं! सासरे डोळे पुसत म्हणाले, "लय भारी पोरी." एवढा घोळ घालूनही संयोगिता मला म्हणाली, "वायर धरलीत म्हणून झालं हो." अशी बायको मिळाली म्हणून मी मनोमन हात जोडले.

"थांबा, अजून एक ओळ आहे," ती म्हणाली आणि हसू दाबत वाचू लागली, "पुढचा धडा पाळीव प्राण्यांचा आहे. तेच गृहस्थ मिळतील का?"