तोंडपाठ तक्ता

"आमच्या घरात एकाच्याही नाकावर चष्मा नाही!"

हे वाक्य चष्मेवाले दुकानात आलेल्या प्रत्येकाला ऐकवायचे. आता दुकानात येणारा माणूस चष्म्यासाठीच येणार, म्हणजे त्या बिचाऱ्याच्या नाकावर एक तर चष्मा असायचा किंवा तो बसायच्या बेतात असायचा. अशा माणसाला हे सांगून काय मिळतं, असं त्यांची बायको दर वेळी विचारायची. पण चष्मेवाल्यांचा नाइलाज होता. अभिमान पोटात मावेनासा झाला की तोंडावाटे बाहेर पडणारच!

दुकान तसं लहानसंच. पुढे काचेचं काउंटर, मागे भिंतभर फ्रेमा आणि पडद्यापलीकडे तपासणीची खोली. तिथे एक उंच खुर्ची, समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि तक्त्याशेजारी छडी घेऊन उभे चष्मेवाले. छडीचं टोक अक्षराखाली, नजर मात्र गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर. "तक्त्याकडे कशाला बघू? तो मला तोंडपाठ आहे! बघायचं ते माणसाकडे. डोळे बारीक करतो का, मान मागे घेतो का, थापा मारतो का, सगळं तिथेच दिसतं!" डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचे बारीक आकडे तेवढे बायको मोठ्याने वाचून द्यायची. तिचा आवाज स्वच्छ आहे म्हणून, असं चष्मेवाले सांगत. आवाज स्वच्छ होता, यात शंकाच नाही. कारण तेवढंच होतं का, ते कळेलच.

आणि ठमी. ठमी म्हणजे यांची एकुलती एक लेक, तिसरीतली. खरं नाव वेगळं होतं, पण ते फक्त शाळेच्या हजेरीला आणि आईच्या रागाच्या वेळी बाहेर यायचं. ठमी याच दुकानात रांगली, चष्म्याच्या रिकाम्या डब्यांच्या गाड्या करून खेळली. शाळा सुटली की पडद्याशी दप्तर उशाला घेऊन लोळायची. पलीकडून रोज तेच ऐकू यायचं.

"वरचं अक्षर?"

"ग."

"छान! त्याखाली?"

"म, ल."

"वा! हे बरं दिसतं, की हे?"

हे शेवटचं वाक्य चष्मेवाले इतक्या मायेने विचारायचे की खेकसत आलेलं गिऱ्हाईकही विरघळायचं.

सगळं छान चाललं होतं म्हणा, पण एक गोष्ट चष्मेवाल्यांच्या जिवाला लागून राहिली होती. ठमीला वाचता येत नव्हतं. ती जन्मली तेव्हाच त्यांनी हौसेने एक पुस्तक आणून ठेवलं होतं, समुद्र बघायला निघालेल्या हत्तीची गोष्ट. संध्याकाळी दुकान आवरताना ते ती गोष्ट ठमीला वाचून दाखवायचे आणि मनात म्हणायचे, एक दिवस ही मला वाचून दाखवेल. मी काचा पुसत असेन आणि ही काउंटरवर बसून पाय हलवत वाचत असेल. गिऱ्हाइकांची पोरं दुकानाची पाटी, भिंतीवरच्या जाहिराती, दारावरचं 'ढकला' असं काय काय मोठमोठ्याने वाचत आत शिरायची. चष्मेवाले त्यांचं कौतुक करायचे आणि आतून तुटायचे. त्यांची ठमी ते ढकलायचं दार रोज ओढून बघायची.

एक दिवस शाळेतून बोलावणं आलं.

"वाचायला उभी केली की गप्प होते," बाई म्हणाल्या. "ओळच्या ओळ गाळते. डोकं दुखतं म्हणते. तिचे डोळे तपासलेत का?"

"डोळे?" चष्मेवाले खुर्चीतून उडालेच. "बाई, तुम्ही कोणाला विचारताय! अहो, तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड म्हणते ती! मध्ये श्वाससुद्धा घेत नाही!"

"मग पुस्तकावरच गाडी का अडते?"

"लक्ष नाही, दुसरं काय! आळशी आहे पोरगी."

हे बोलले आणि मग त्यांना दिसलं की ठमी दारातच उभी आहे. तिने काही ऐकलंच नाही असं दाखवून बुटाची नाडी सोडली आणि पुन्हा बांधायला घेतली. चष्मेवाल्यांना स्वतःच्या जिभेचा भारी राग आला.

मग उपाय सुरू झाले. टेबलावर मोठा दिवा आला. खेळ बंद झाला. खुर्चीवर उशी, उशीवर ठमी, ठमीपुढे पुस्तक!

"दिसतंय ना?"

"दिसतंय."

"मग वाच की!"

ठमी पानाकडे बघत राहायची, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग आई पुस्तक मिटायची आणि चष्मेवाल्यांकडे असं बघायची की दिवा आपोआप विझावा.

शेवटी चष्मेवाल्यांना एक झकास कल्पना सुचली. (त्यांच्या कल्पना झकासच असायच्या. भोगायला दुसरे लागायचे.)

"शाळेतल्या सगळ्या मुलांचे डोळे मी फुकट तपासतो! सुरुवात ठमीपासून! सगळ्यांसमोर तिने तक्ता म्हटला की बाईंचा संशय फिटेल आणि पोरीलाही धीर येईल."

"आणि नाही म्हणता आला तर?" बायकोने विचारलं.

"तर ही मिशी उतरवीन!"

बायकोने मिशीकडे एकदा बघून घेतलं. मग म्हणाली, "अहो, तो जुना तक्ता पार पिवळा पडलाय. शाळेत न्यायला मी नवीन मागवलाय." पण चष्मेवाले तेव्हा आरशासमोर भाषणाची तयारी करत होते. ते नुसतंच "हूं" म्हणाले.

तो दिवस उजाडला. शाळेचा हॉल मुलांनी, बाईंनी, पालकांनी गच्च भरलेला. बायकोने भिंतीवर तक्ता टांगला. चष्मेवाल्यांनी भाषण ठोकलं, त्यात घरात एकाच्याही नाकावर चष्मा नसल्याचं तीनदा आलं. मग ठमीला खुर्चीत बसवून ते तक्त्याशेजारी छडी घेऊन उभे राहिले. नजर नेहमीप्रमाणे ठमीच्या चेहऱ्यावर.

"वरचं अक्षर?"

"ग!" ठमी म्हणाली.

"शाब्बास! त्याखाली?"

"म, ल!"

"वा!"

पुढच्या रांगेतली पोरं एकमेकांना कोपर मारू लागली. चष्मेवाल्यांना वाटलं, हेवा वाटतोय कार्ट्यांना! छडी खाली खाली सरकत गेली. ठमीने शेवटची ओळ एका दमात म्हणून टाकली.

"बघितलंत बाई? एक चूक नाही!"

बाई घसा खाकरून म्हणाल्या, "चष्मेवाले, वरचं अक्षर 'च' आहे."

"कुठे?"

"तुमच्या छडीच्या वर!"

चष्मेवाले तक्त्याकडे वळले. वरचा ढब्बू 'च' त्यांनाही दिसला. मग ते खालच्या ओळींकडे वळले. डोळे बारीक केले. मान मागे घेतली. आणखी मागे घेतली. मग दोन पावलं मागे सरकून छडी लांब धरली.

"हा... हा आपला तक्ता नाही!"

"नवीन आहे म्हणून मी सांगितलं होतं!" बायको मागून म्हणाली.

आणि शेवटच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "काकांनापण दिसत नाही!"

हॉल कोसळायचाच बाकी राहिला! पालक हसले, शिपाई हसला, बाई तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळल्या. हसली नाही ती फक्त ठमी. त्या गदारोळात ती चष्मेवाल्यांजवळ आली आणि त्यांचा शर्ट ओढून हळूच म्हणाली, "बाबा, मला वाटलं तक्ता सगळीकडे सारखाच असतो. तू विचारलंस की हेच म्हणायचं असतं."

चष्मेवाल्यांनी छडी खाली ठेवली.

त्या संध्याकाळी दुकान लवकर बंद झालं. चष्मेवाल्यांनी ठमीला उचलून तपासणीच्या खुर्चीत बसवलं.

"ठमे, पाठ केलेलं नाही हं, खरं सांगायचं. समोर काय दिसतंय?"

"पांढरं आहे. त्यावर काळं काळं."

"आणि पुस्तकात?"

"पुस्तकात अक्षरांच्या मागे आणखी अक्षरं असतात. मग डोकं दुखतं."

"अगं, मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"सगळ्यांना तसंच दिसतं असं वाटलं." ठमी खुर्चीची कड नखाने खरवडू लागली. "आणि आपल्या घरात एकालाही चष्मा नाही, असं सांगताना तू किती खूश असतोस!"

चष्मेवाल्यांना तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण जमिनीत गडप झाल्यावर तपासणार कोण? त्यांनी काचा अडकवायची जड चौकट ठमीच्या इवल्याशा नाकावर बसवली, घसरू नये म्हणून एका हाताने धरून ठेवली आणि दुसऱ्या हाताने काच बदलू लागले.

"हे बरं दिसतं, की हे?"

"पुन्हा दाखव."

"हे... की हे?"

"नीट कळलं नाही. पुन्हा."

मोठी माणसं चुटकीसरशी तपासून होतात. ठमीचं काही संपेचना! आई पडद्यातून दोनदा डोकावून गेली. शेवटी चष्मेवाल्यांना शंका आली.

"ठमे, दिसतंय ना तुला?"

"मघाशीच दिसलं," ठमी म्हणाली.

"मग उगाच छळतेस होय मला?"

"तू सगळ्यांना इतकं छान विचारतोस. मी रोज पडद्याशी बसून ऐकते. मलापण या खुर्चीत बसायचं होतं."

चष्मेवाल्यांनी काच पुसायचं फडकं काढलं आणि ते पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांना लावलं. मग म्हणाले, "बस हं बाळा, हवं तेवढं बस. हे बरं दिसतं, की हे?"

डोळ्यांच्या डॉक्टरांनीही तपासून नंबर लिहून दिला, आईने तो स्वच्छ आवाजात वाचला आणि ठमीचा चष्मा तयार झाला. मिशी तोवर उतरली होती. ठमीने चष्मा घातल्या घातल्या वडिलांकडे बघितलं आणि किंचाळली, "बाबा! तुझ्या ओठावर तीळ आहे!" मग रस्त्यावर पळाली आणि झाडाची पानं सुटी सुटी असतात, हे येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत सुटली.

चष्मेवाल्यांना आता कुठला दम निघतोय! त्यांनी लगेच हत्तीचं पुस्तक उघडलं. "हं, वाच!"

ठमीने पानावर बोट ठेवलं. बराच वेळ गेला.

"बाबा, आता अक्षरं अगदी स्वच्छ दिसतात," ती रडवेली होऊन म्हणाली. "पण हे कोणतं आणि ते कोणतं, ते अजून राहत नाही लक्षात."

चष्मेवाले दुसऱ्या दिवशी शाळेत हजर. "बाई, याला कुठला नंबर लागतो? मिळेल तिथून काच आणतो!"

"याला काच नसते हो," बाई म्हणाल्या. "डोळ्यांची अडचण होती, ती सुटली. ही दुसरी. अक्षरं मनात बसायला तिला वेगळ्या पद्धतीने शिकवावं लागेल. आळस नाही, आणि डोक्याने तर ती तुमच्या-माझ्यापेक्षा तल्लख आहे. ऐकून आख्खा तक्ता पाठ केला पोरीने!"

मग शाळेतल्या एक ताई ठमीला वेगळं शिकवू लागल्या. वाळूत बोटाने अक्षर काढायचं, काढता काढता मोठ्याने म्हणायचं, शब्द टाळ्या वाजवत तोडायचा. कालचं अक्षर आज विसरायचं, आजचं उद्या परत यायचं. चष्मेवाले रोज संध्याकाळी काचा पुसत वाट बघायचे आणि "वाच" हा शब्द गिळून टाकायचे. तो किती कडू लागतो, ते त्यांनाच ठाऊक! स्वतःच्या डोळ्यांबद्दल मात्र ते अवाक्षर काढू देत नव्हते. हॉलमध्ये त्या दिवशी ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणे!

असे कितीतरी महिने गेले. मिशी पुन्हा पहिल्यासारखी झाली. एका संध्याकाळी ठमी काउंटरवर चढून बसली आणि म्हणाली, "आज शेवटचं पान मी वाचणार."

चष्मेवाल्यांच्या हातातली काच सुटता सुटता राहिली. शेवटचं पान त्यांना पाठ होतं. हत्ती समुद्रावर पोचतो आणि सोंडेने लाटा उडवतो. ठमीचं बोट ओळीखालून सरकू लागलं.

"हत्... हत्ती... अ... अजून... चा... चाल... चालतोच... आहे."

खरंच वाचलं हो पोरीने! चष्मेवाले फडकं हातात धरून तसेच उभे राहिले. डोळे भरून आले, समोरचं सगळं पुसट झालं.

"बाबा!" ठमी ओरडली. "समुद्र कुठाय? हत्ती पोचलाच नाही! तू तर रोज सांगतोस की लाटा उडवतो!"

"असं कसं? बघू." चष्मेवाल्यांनी पुस्तक घेतलं. लांब धरलं. आणखी लांब धरलं. हात संपला. "अगं, शेवटच्या पानावरची अक्षरं जरा बारीक आहेत. संध्याकाळचा उजेड... तो पोचला तर बरं, असं आपलं मला वाटायचं."

ठमीने नाकावरचा चष्मा वर सरकवला, काउंटरवरून उडी मारली आणि पडदा बाजूला धरला.

"या काका. बसा खुर्चीत."

"ठमे, चावटपणा पुरे—"

"घाबरायचं नाही, काका. किरकोळ नंबर असेल तुमचा."

चष्मेवाले निमूट बसले. ठमीने स्टुलावर चढून ती जड चौकट त्यांच्या नाकावर बसवली, पुस्तक त्यांच्या हातात दिलं आणि डब्यातल्या काचा एकेक करून अडकवू लागली.

"हे बरं दिसतं, की हे?"

दुसऱ्याच काचेला शेवटची ओळ लख्ख उमटली. हत्ती अजून चालतोच आहे.

चष्मेवाल्यांनी ती ओळ वाचली, शेजारी श्वास रोखून उभ्या असलेल्या लेकीकडे बघितलं आणि म्हणाले, "नीट कळलं नाही गं. पुन्हा दाखव."