शोधनिबंधाचं पॅकिंग

लोकांचं घर बांधून दुसरीकडे नेऊन पोचवणं हा माझा धंदा. माशांची टाकी, आजोबांचा आरसा, सासूबाईंची शिवणयंत्रं, सगळं माझ्या हातून गेलंय आणि पलीकडे टवका न उडता पोचलंय. आमच्या कामात एकच कायदा: ज्याचं सामान त्याच्या खोक्यात. एका ट्रकमधून दोन घरं निघाली तरी इकडचा चमचा तिकडे जाता कामा नये. हा कायदा कळला की जगातली कुठलीही गोष्ट लावता येते, असं माझं ठाम मत होतं. त्या रविवारपर्यंत!

आमची लेक दहावीत. तिने शोधनिबंधाला विषय घेतला होता, 'लिफ्टचं बटण लोक पुन्हा पुन्हा का दाबतात?' शाळेतून एकच निबंध मोठ्या स्पर्धेला जाणार होता आणि सोमवारी सकाळी तो बाईंच्या हातात पडायला हवा होता. आधी तिने इमारतीतल्या लोकांना गाठून विचारलं. नाव कुठेही येणार नाही असा शब्द दिला. मग खाली लिफ्टसमोर पुस्तक तोंडासमोर धरून बसली आणि कोण काय करतं ते चिठ्ठ्यांवर टिपत राहिली. स्वतःला कळावं म्हणून चिठ्ठीच्या कोपऱ्यात घराचा क्रमांक, बस.

तर त्या चिठ्ठ्यांनी जेवणाचं टेबल व्यापलं होतं. एक ढीग 'म्हणतात', दुसरा ढीग 'करतात', आणि तिसऱ्या जागी 'का' असं लिहिलेला कागद. त्यावर एकही चिठ्ठी नव्हती. त्यापायी पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

"सगळे म्हणतात आम्ही एकदाच दाबतो," ती रडवेली होऊन म्हणाली. "मग पुन्हा पुन्हा का दाबता, हे विचारू कुणाला?"

मी म्हटलं, नीट लावून ठेवलं की आपोआप सुचेल. त्यावर तिने मला बजावलं, "बाबा, तू हात लावू नकोस. आधी प्रश्न, मग लोक काय म्हणतात, मग काय दिसलं, मग का. मुद्द्याप्रमाणे लावायचं असतं, माणसाप्रमाणे नाही." आणि ती ग्रंथालयात गेली.

मी हात लावणार नव्हतोच. पण सहज नजर गेली, तर तिसऱ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची एक चिठ्ठी या ढिगात आणि बाकीच्या त्या ढिगात! एका घराचं सामान दोन ट्रकमध्ये! माझा जीव वरखाली झाला. हात शिवशिवत होतेच. बसलो, आणि घराघराप्रमाणे सगळ्या चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. वाचल्या मात्र नाहीत. दुसऱ्याच्या खणात डोकावायचं नाही, हाही आमचा कायदा आहे. प्रत्येक घराचं एक जाड पाकीट, वर चिकटपट्टी, आणि ठळक अक्षरात घराचा क्रमांक. एका गठ्ठ्यावर क्रमांकच नव्हता, आणि तोच सगळ्यांत जाडा. तो मी 'आधी उघडा' असं लिहून वेगळा ठेवला. नव्या घरात लागलीच लागणाऱ्या वस्तूंच्या खोक्यावर आम्ही तसंच लिहितो. मग सगळी पाकिटं दाराशी ओळीने मांडली आणि समाधानाने आंघोळीला गेलो.

आता आमच्या घरातली दुसरी अडचण सांगतो. बायको टपाल खात्यात आहे. पत्ता लिहिलेली वस्तू पडून राहिलेली तिला बघवत नाही. लग्नात आलेल्या भेटींचे आभार मांडव उतरायच्या आत पोचते करणारी बाई ती!

मी डोकं पुसत बाहेर आलो, तर दाराशी फक्त 'आधी उघडा'.

"पाकिटं कुठायत?"

"दिली," बायको पिशवीतून भाजी काढत म्हणाली. "खाली जातच होते, म्हटलं ज्याची त्याला देऊन टाकू. एवढा पत्ता घालून ठेवली होतीस!"

तेवढ्यात लेक आली. तिने रिकामं टेबल पाहिलं, दाराशी पाहिलं, मग माझ्याकडे. मी जे झालं ते सांगितलं. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. ती नुसती खुर्चीवर बसली आणि म्हणाली, "म्हणजे प्रत्येकाच्या हातात, तो काय म्हणाला आणि खरं काय करतो, दोन्ही एकत्र गेलं." निबंध तर गेलाच होता, वर तिला आता इमारतीत तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.

घरोघरी जाऊन माफी मागायची आणि चिठ्ठ्या परत आणायच्या, असं ठरवून आम्ही तिघंही लिफ्टशी आलो. मी बटण दाबलं. लिफ्ट काही येईना. पुन्हा दाबलं असेन, नक्की आठवत नाही. बायको माझ्याकडे उगाच बघत होती. खालच्या प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबत होती, कारण प्रत्येक मजल्यावरून कुणी ना कुणी आमच्याकडेच यायला निघालं होतं!

दार उघडलं. आत दातांचे डॉक्टर, पहिल्या मजल्यावरच्या व्यायाम शिकवणाऱ्या ताई आणि निवृत्त वाहतूक पोलीस काका. तिघांच्या हातात फोडलेली पाकिटं.

डॉक्टरांनीच तोंड उघडलं, आणि त्यांच्या धंद्याला शोभेल इतकं मोठं. आपण सभ्य माणूस आहोत, लिफ्टला लाथ मारली असं लिहिणं बरं नव्हे, आपल्या चिठ्ठ्या निबंधातून काढा, वगैरे. लेक खाली मान घालून म्हणाली, "काढते काका. चुकलंच. पण लाथ तुम्ही मारली होतीत."

डॉक्टर जरा खालच्या आवाजात म्हणाले की अगं, खाली दवाखान्यात रोगी गाल धरून बसलेला असतो, आणि मी इथे नुसता उभा. बटण दाबत राहिलं की काहीतरी करतोय असं तरी वाटतं.

ताईंना ते ऐकून धीर आला. दिवसभर लोकांना जिने चढा म्हणून सांगायचं आणि स्वतः एका मजल्यासाठी लिफ्ट घ्यायची, तेव्हा कुणी बघायच्या आत ती यावी म्हणून त्या दाबत सुटतात, असं त्यांनी कबूल केलं.

पोलीस काका पाकीट चाळवत होते. "नोकरीत मी हात वर केला की सगळा रस्ता थांबायचा," ते म्हणाले. "आता घरात टीव्हीचा आवाजसुद्धा माझ्या सांगण्याने कमी होत नाही. हे बटण दाबलं की निदान दिवा तरी लागतो."

लेकीने हळूच मान वर केली. "काका, हे लिहू? नाव नाही घालणार."

काकांनी पाकीट तिच्या हातात परत दिलं. मग डॉक्टरांनी, मग ताईंनी. ती मंडळी आमच्याकडे बसली आणि 'का' लिहिलेल्या कागदावर चिठ्ठ्या मावेनाशा झाल्या. उरलेली पाकिटं बायकोनेच परत गोळा करून आणली. पोरीने सगळं पुन्हा मुद्द्याप्रमाणे लावलं आणि मला गॅलरीत बसवून ठेवलं.

पुढच्या आठवड्यात बाईंनी तिचाच निबंध निवडला. घरी आणला तेव्हा मी छाती फुगवून मोठ्याने वाचायला घेतला. सुरुवातच झकास होती! 'व्यक्ती अ: मध्यमवयीन पुरुष. बटण एकदाच दाबतो असं शपथेवर सांगतो. प्रत्यक्षात लिफ्ट येईपर्यंत दाबतो, तिला "चल, चल" म्हणतो, आणि आत शिरल्यावर दार बंद व्हायचं बटण अंगठा दुखेपर्यंत दाबतो. या इमारतीतला सर्वांत अधीर मनुष्य. यांच्या नोंदींचा गठ्ठा सर्वांत जाड झाला.'

मी पोट धरधरून हसलो. म्हटलं, कोण गं हा वेडा? कितव्या मजल्यावरचा?

लेक पाणी प्यायला उठली. बायको म्हणाली, "त्याच्या गठ्ठ्यावर क्रमांकच नव्हता, म्हणून माझ्याकडून पोचवायचा राहिला."

हल्ली मी जिन्यानेच जातो. गुडघ्यांना बरं असतं, असं लोकांना सांगतो.