वाणात मिळालेली झोप

अधिक महिन्यात सासऱ्यांनी मला वाण म्हणून झोप दिली, आणि त्या दिवसापासून माझ्या वाटची झोप ते काढायला लागले.

आधीची परिस्थिती सांगतो, म्हणजे गैरसमज नको. मी मॅरेथॉनची तयारी करत होतो. पहाटे साडेचारला उठून गंगापूर रोडला पळायचं, साडेआठला सातपूरच्या कंपनीत हजर, संध्याकाळी सातला घरी. मुलगी मुक्ता चार वर्षांची. ती अकराच्या आत झोपत नाही आणि कोणाला झोपू देत नाही. कोच बोरस्ते सर म्हणायचे, सात तास झोप पाहिजे. बायको ऋजुता म्हणायची, घरात वेळ दे. साहेब म्हणायचे, मीटिंगमध्ये डोळे उघडे ठेवा. तिघांचंही बरोबर होतं. मला झोप चार तास मिळत होती, आणि मॅरेथॉन बेचाळीस किलोमीटरची होती, ती कोणी कमी करत नव्हतं.

तेवढ्यात अधिक महिना आला. जावयाला वाण द्यायचं म्हणून सासऱ्यांनी पंचवटीला जेवायला बोलावलं. सासरे पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. माणूस सज्जन, आणि झोपेत तरबेज. चांदीची वाटी हवी की कपडे, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बाबा, खरं सांगू का, झोप हवी होती. ते जरा विचारात पडले. मग म्हणाले, तेहतीस अनारसे तळण्यापेक्षा हे सोपं आहे. एकदा आईंना विचारून बघा, असं मी सुचवलं.

"हिला काय विचारायचं," सासरे म्हणाले. "देऊन टाकू."

समोर आठ-दहा पाहुणे होते. सासऱ्यांनी ताम्हनात पाणी सोडलं, रीतीप्रमाणे सासूबाईंनी त्यांच्या हाताला हात लावला, आणि सासरे आत जाऊन झोपले. आम्ही रिक्षात बसेपर्यंत मी ताजातवाना झालो होतो.

पद्धत अशी ठरली. रात्री दहा ते पाच ते स्वतःची झोप काढायचे. मग चहा, अंघोळ, पेपर. नऊ ते चार माझी. रविवारी मी लांब पल्ल्याचं पळायचो तेव्हा ते थेट झोपायचे, म्हणजे मी पळतोय तोवर ते झोपलेत. त्यात कसूर नव्हती. एकदा मात्र ते आरामखुर्चीत झोपले आणि माझी मान दोन दिवस वळेना. एकदा शेजाऱ्यांचा मिक्सर लागला आणि माझा वेग एकदम पडला. मी सासूबाईंना फोन करून विनंती केली की कुकर लावू नका, शिट्ट्या होतात. त्या बरं म्हणाल्या आणि पातेल्यात भात करायला लागल्या.

कंपनीत एचआरच्या गोखले मॅडमनी एक फॉर्म भरून घेतला. त्यात 'झोप : स्वतःची / सासऱ्यांची' असं होतं. मी दुसऱ्यावर टिक केली. मॅडमनी सासऱ्यांचं आधार कार्ड मागितलं आणि रात्रपाळी घ्याल का म्हणून विचारलं, कारण तुम्ही तसेही रिकामेच असता. ऋजुताचं म्हणणं वेगळं होतं. मी आता चोवीस तास जागा होतो, पण ती आणि मुक्ता रात्री झोपायच्या, त्यामुळे घराला वेळ मिळाला असं तिला काही वाटत नव्हतं. डाळी मात्र वेळेवर भिजायच्या.

अडचण साडूंमुळे आली. मिहीरराव संभाजीनगरला असतात. ते पळत नाहीत, पोहत नाहीत, काहीच करत नाहीत. पण दोन जावई असतील तर मान सारखा पाहिजे, असं त्यांनी फोनवर सांगितलं. सासऱ्यांना ते पटलं. अधिक महिना संपायला दोन दिवस होते, त्यांनी पुन्हा पाणी सोडलं. साडूंना आठ तास लागायचे, त्यामुळे आता ते बावीस तास झोपायचे. रविवारी सुट्टी म्हणून साडू आपली आपण काढायचे. बाकीचे सहा दिवस सासरे दोन तास उठायचे, जेवायचे, अंघोळ करायचे, दाढी राहून जायची.

डिसेंबरात रेसच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी सासूबाई एकट्याच आमच्याकडे आल्या. पाणी घेतलं नाही, पदराने चष्मा पुसला.

"चिन्मयराव, ह्या रविवारी तुमची झोप नको," त्या म्हणाल्या. "मला ह्यांच्याशी भांडायचंय."

मी म्हटलं, आई, रविवारी रेस आहे. त्या म्हणाल्या, माहीत आहे. पण साडूंची सुट्टी फक्त रविवारी असते. चार महिने त्या वाट बघत होत्या. हिला काय विचारायचं, असं पाहुण्यांसमोर म्हणाल्याचं उत्तर त्यांना पाहुणे गेल्यावर द्यायचं होतं, पण पाहुणे जाईपर्यंत सासरे झोपले होते. अधिक महिना संपेपर्यंत ते उठले की कीर्तनाला जायचे, नंतरच्या दोन तासांत जेवत असायचे, आणि जेवणाऱ्या माणसाला बोलायचं नाही असं त्यांच्या घरात आहे. रविवारी माझं पळणं संपून ते उठले की आठवड्याची दाढी आणि कामं निघायची. चार महिन्यांत त्या घरात कोणी सासूबाईंशी एक अख्खं वाक्य बोललेलं नव्हतं. शेवटी शेवटी त्या पेपर मोठ्याने वाचायच्या.

ऋजुता माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, दिलेलं वाण परत घेत नाहीत.

"परत कुठे मागतेय," सासूबाई म्हणाल्या. "पाणी सोडताना माझा हात लागला होता. अर्धं वाण माझं आहे."

मी बोरस्ते सरांना फोन केला. सर म्हणाले, नियमाने अर्धं म्हणजे एकवीस किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटर. तिथपर्यंत सासरे तुमचे, पुढे बाईंचे. सासूबाईंनी आकडा हातावर लिहून घेतला.

रविवारी निम्मी रेस उत्तम झाली. सासरे पंचवटीत झोपलेले, माझे पाय हलके. सासूबाई मोबाईलवर माझा ठिपका बघत बसल्या होत्या. एकवीस किलोमीटर आणि साडेसत्त्याण्णव मीटरला त्यांनी सासऱ्यांना हलवून उठवलं. ते मला लगेच कळलं. आधी जांभई आली. मग मला विनाकारण अपराधी वाटायला लागलं. मी शेजारी पळणाऱ्या एका डॉक्टरांना म्हणालो, "अगं, पण तसं म्हणायचं नव्हतं मला." ते म्हणाले, चालायचंच.

अठ्ठाविसाव्या किलोमीटरला माझी स्वतःची झोप आली. चार महिन्यांची होती. मेडिकलच्या तंबूत एक खाट दिसली, तिच्यावर मी आडवा झालो.

पुढचं मला स्वयंसेवकांनी सांगितलं. मी झोपल्यावर पळणं सासऱ्यांकडे गेलं, कारण आमच्या दोघांत एकाने झोपायचं आणि एकाने पळायचं असंच चालत आलेलं होतं. घर रूटपासून दोन गल्ल्यांवर. ते चहा अर्धा ठेवून उठले आणि पायजमा-बंडीवर बाहेर पडले. सासूबाई चपला घालून मागोमाग निघाल्या, कारण भांडण महत्त्वाच्या ठिकाणी आलं होतं. तंबूपाशी माझा नंबर त्यांनी सासऱ्यांच्या बंडीला लावला. आयोजकांनी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, नंबर जावयाचा आहे, माणूस घरचाच आहे. आयोजकांनी जाऊ दिलं.

ऋजुता आणि मुक्ता शेवटच्या रेषेपाशी माझी वाट बघत होत्या. सहा तास चाळीस मिनिटांनी सासरे आले. सासूबाई बोलत होत्या आणि सासरे ऐकत होते. ऋजुता म्हणाली, बाबा आईचं ऐकताहेत हे तिने जन्मात पहिल्यांदा बघितलं. एका मुलीने सासऱ्यांच्या गळ्यात मेडल घातलं. ते मेडल बघायला उभे राहिले.

"थांबलात का?" सासूबाई म्हणाल्या. "माझं झालेलं नाही."

सासरे म्हणाले, बरं. आणि दोघं तसेच पुढे निघाले.

मी दुपारी एकला उठलो तेव्हा तंबू सोडत होते. सर्टिफिकेट माझ्या नावाने आलं, ते फ्रिजवर लावलंय. माझी झोप आता मीच काढतो, दहा ते पाच. गोखले मॅडमना तसं लेखी कळवलं. मिहीररावांचा रोज फोन येतो की त्यांच्या झोपेचं काय. मी म्हटलं, सध्या ते कामात आहेत.

मंगळवारी सासूबाईंचा पुणे रस्त्यावरच्या सिन्नरहून फोन आला. तब्येत छान आहे, ह्यांची भूक वाढली आहे, रात्री लॉजवर सात तास झोपतात, आपापली. भांडण मागे मागे जात दोन हजार नऊपर्यंत आलंय. मुक्ताने विचारलं, आजी घरी कधी येणार. ऋजुताने नकाशा काढला. त्यांचं लग्न शहाऐंशीचं. ह्या वेगाने ती दोघं आळेफाट्याच्या आसपास लग्नापर्यंत पोचतील, मग बहुतेक एसटीने येतील.