भिंतीवर स्फोटचा चेहरा

आपल्या भाषेत पहिलं रॅप कुणी केलं, असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पण गावातला एक प्लंबर नळ दुरुस्त करत असताना जो कुणी शेजारी उभा राहील, त्याला न विचारता उत्तर मिळायचं.

"मी! पंधरा वर्षांचा होतो! तोवर आपली पोरं परक्या भाषेतली गाणी घोकून हातवारे करायची. गळ्यात काय, तर सायकलची चेन! मी म्हटलं, बास! आपल्या भाषेत बोला!"

त्या काळी त्याचं नाव होतं रॅपर स्फोट. पुढे फुटलेले पाइप जोडण्यात उमेदीची वर्षं गेली, तरी तो स्वतःला मनातून स्फोटच म्हणायचा.

आणि अशात युवक केंद्राची भिंत रंगली. हल्लीच्या रॅपर पोरांनी 'आपल्या रॅपचे जनक' म्हणून तिच्यावर दोन भले थोरले चेहरे काढले. त्यात स्फोट नाही!

"हा? हा तर कार्यक्रम संपल्यावर वायरी गुंडाळायचा! आणि हा दुसरा! दोन ओळींत तीनदा खोकायचा!" तो भिंतीपुढे उभा राहून असा कडाडला की वर शिडीवरच्या पोराच्या हातातून ब्रश सुटला.

या मंडळींची म्होरकी होती चिमटा नावाची बावीस वर्षांची रॅपर. ती शांतपणे म्हणाली, "काका, आम्हाला पुरावा लागतो. रविवारी दुपारी जुनी रेकॉर्डिंग ऐकायला सगळे जमतोय. काही असलं तर आणा."

पुरावा मागितल्यापेक्षा 'काका' म्हटल्याचा त्याला जास्त राग आला.

पुरावा होता! चोवीस वर्षं कपाटात, पिशवीत पिशवी घालून जपलेली कॅसेट. त्या वेळी कॉम्प्युटर कुणाकडे होता? दोन टेप जोडायचे, ढोलकीचा एक तुकडा पुन्हा पुन्हा पॉज दाबून उतरवायचा, तासाभरात मिनिटभराचा ताल व्हायचा. त्यावर त्याचं ते गाजलेलं गाणं, 'ताट यांचं उचलू मी, अंथरूण यांचं घालू मी!' कष्टकऱ्यांचा संताप! फीत तुटेल या भीतीनं त्यानं ती कॅसेट पुन्हा कधी लावली नव्हती.

रविवारी त्याला न्यायला त्याची ताई आली. ताई गाडी चालवायला शिकवते, त्यामुळे तिच्या गाडीत शेजारच्या सीटखालीही ब्रेक असतो. चालवायला स्फोट बसला, शेजारी ताई.

"एकदा ऐकून तरी घे, काय आहे त्यात ते," ताई म्हणाली.

"मीच गायलोय, मी काय ऐकू? सगळं मी एकट्यानं केलं!"

खच्चकन ब्रेक! स्फोटचं कपाळ काचेपर्यंत जाऊन आलं.

"तेव्हा मीही घरात होते," ताई म्हणाली.

"होतीस ना! पॉजचं बटण दाबायला!"

पुन्हा ब्रेक! मागच्या रिक्षावाल्यानं दोघांच्या सात पिढ्या काढल्या.

केंद्रात साठ-सत्तर पोरं जमली होती. चिमटानं कॅसेट घातली आणि विचारलं, "काका, गाणं मधे आहे ना? पुढे घेऊ?"

"अजिबात नाही!" स्फोट टेबलावर मूठ आपटून ओरडला. "उद्या म्हणाल, कापलं! पार सुरुवातीपासून लाव! एक सेकंद गाळायचा नाही!"

खरखर झाली. ताल सुरू झाला. आणि एका मुलीचा आवाज आला, रागानं नुसता पेटलेला.

*ऊठ म्हटलं की पोट दुखतं, जेव म्हटलं की बरं,*
*लाडावलेलं कार्टं घरचं, बोलू का मी खरं?*
*ताट याचं उचलू मी, अंथरूण याचं घालू मी,*
*हा पलंगावर लोळत राहील, मलाच म्हणतील 'कर'!*

त्यामागून एक घोगरा, फुटू लागलेला आवाज: "ताई, मला शिकव ना! 'याचं'च्या जागी 'यांचं' केलं तर मोठ्या लोकांबद्दल वाटेल. चालेल?"

मग जो गलका झाला, त्यानं खिडक्यांची तावदानं थरथरली! पोरं बाकांवर चढली. चिमटा ताईच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली.

स्फोटचा चेहरा उतरला. आपण हे कधी विसरलो, हेही त्याला आठवेना. तो हळूच म्हणाला, "ताई, इतकी वर्षं तू बोलली का नाहीस?"

"बोलले होते की!" ताईचा आवाज एकदम चढला. "तेच तर तू गात फिरलास! टाळ्या घेतल्यास, हार घेतलेस, आणि घरी येऊन ताट तसंच ठेवून उठलास! आईनं मला हाक मारली! आणि मी ते उचललं!"



आठवड्याभरात ताईचा चेहरा भिंतीवर झळकला, आधीच्या दोघांच्या वर. स्फोट बघायला गेला. शिडीवरनं चिमटानं खाली पाहिलं.

"काका, तुम्हालाही काढायचं ठरलंय."

"खरं?" त्याची छाती आपोआप फुगली. "कसा उभा राहू?"

"उभं नका राहू," चिमटा म्हणाली. "आडवे व्हा. पलंग काढून झालाय."