विभागातला एकमेव होकार

कर्मचाऱ्यांना ठामपणे 'नाही' म्हणता यावं, म्हणून कार्यालयाने प्रशिक्षण ठेवलं. प्रशिक्षण सक्तीचं होतं. त्याला नाही म्हणायची मुभा नव्हती. फक्त फोन घ्यायला कुणीतरी मागे थांबायला हवं होतं. साहेबांनी जावक कारकुनाकडे पाहिलं आणि तो सवयीने "हो" म्हणाला.

मंडळी परतली ती माना ताठ करून. टंकलेखिकेने मसुदा परत केला. कारण दिलं नाही, कारण नकाराला कारण जोडायचं नसतं असं शिकवलं होतं. शिपायाने पाण्याचा ग्लास आणायला नम्र नकार दिला. साहेबांनी तर स्वतःच्या मर्यादांचा आदर राखून सह्या करणंच सोडून दिलं. पण काम कुठेतरी जायलाच हवं, ते निमूटपणे जावक कारकुनाच्या टेबलावर येऊन साचलं.

शुक्रवारी पाचला त्याच्या मुलीचं शाळेत नाटक होतं. ती राजा झाली होती. मागच्या वर्षी ती प्रधान होती, तेव्हा तो गेला नव्हता आणि ते त्याच्या मनाला लागून राहिलं होतं. या वेळी त्याने तिला शब्द दिला होता. शुक्रवारी दुपारी तो धीर एकवटून साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, आज मी जादा थांबणार नाही."

"प्रमाणपत्र आहे?"

"कसलं?"

"नकाराचं. अप्रशिक्षित नकार ग्राह्य धरता येत नाही. उद्या कुणीही उठून नाही म्हणेल."

"मग मलाही पाठवा ना प्रशिक्षणाला."

"नाही," साहेब डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले. "प्रत्येक विभागात एक माणूस अप्रशिक्षित राखायचा, असा वरून आदेश आहे. नाहीतर कार्यालय चालायचं कसं?"

साडेचारला घरून फोन आला. "अहो, निघालात ना?" बायको विचारत होती. "राजाला मिशी लावून झाली. सारखी तुमची वाट बघतेय."

"जमणार नाही," तो म्हणाला. आवाज स्थिर, कारण नाही, दिलगिरी नाही. "आणि पुन्हा फोन करू नकोस."

 टंकलेखिकेने टाळ्या वाजवल्या. साहेब भारावून बाहेर आले.

"अहो, इतका स्वच्छ नकार आम्हाला शिकूनही जमला नाही. कुठे शिकलात?"

तो रिसीव्हर खाली ठेवायला गेला. फोन अजून चालूच होता.

"घरी," पलीकडून बायको म्हणाली. "कित्येक वर्षं सराव चाललाय."

ज्यांना हसू आलं असेल, त्यांनी आपण शेवटचं ठाम 'नाही' साहेबांना म्हटलं होतं की घरी, तेवढं आठवून पाहावं.