सहा जिवांची एकादशी

सुहासिनीबाईंच्या घरात आजवर एकही जीव उपाशी राहिलेला नाही, हे नागपूरच्या सक्करदऱ्यात कोणालाही विचारा. सकाळची पूजा आटोपली की गायीला पोळी, चिमण्यांना तांदूळ, तुळशीपाशी मुंग्यांना चिमूटभर साखर, गच्चीवरच्या मांजरीला दूध. हे सगळे जेवले की मग बाईंचं पान. तीस वर्षांचा नेम. एकदा मांजर दोन दिवस भटकायला गेली, तर बाई वाटी घेऊन थेट तलावापर्यंत गेल्या आणि तिला पाजूनच परतल्या. नेम बोलायचा नसतो, पाळायचा असतो, असं त्या म्हणत. तेही इतक्या हळू की शेजारी बसलेल्या मधुकररावांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, पुन्हा विचारावं लागे.

अशा घरात सून आली ती समुद्रातल्या प्राण्यांवर संशोधन करणारी. अबोली किनाऱ्यावरच्या एका संस्थेत, नवरा विहंग हिंगण्याच्या कारखान्यात. लग्नाला दोन वर्षं झाली तरी त्यांचा निम्मा संसार फोनवरच चालला होता. विहंगच्या गुडघ्याचं धंतोलीला ऑपरेशन झालं, म्हणून अबोली महिनाभरासाठी नागपुरात आली. येताना एक कपड्यांची बॅग आणली आणि एक फ्रीज.

फ्रीज लहानसाच होता. आत सहा काचेच्या बरण्या, बरण्यांत खारं पाणी, तळाला पांढरी वाळू, आणि वाळूवर एकेक प्राणी. सुपारीएवढा, पाठीवर खवल्यांचं चिलखत आणि खाली चौदा पाय.

"कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले आहेत, आई," अबोली म्हणाली. "दक्षिण ध्रुवाजवळच्या समुद्रातले, अगदी खोल तळातले. संस्थेतल्या थंड खोलीचं काम काढलंय. यांना दुसऱ्या कोणावर सोडवेना."

"दिसायला गरीब आहेत," सुहासिनीबाई म्हणाल्या. बाईंच्या शब्दकोशात ही फार मोठी स्तुती होती. "खातात काय?"

"काहीच नाही. तोच तर प्रयोग आहे. तिथे तळाशी अन्न क्वचित पोचतं. वरून एखादा मेलेला मासा खाली आला तर आला. तर हे न खाता किती दिवस राहू शकतात, ते बघतेय मी. आज एकशे एकसष्टावा दिवस. एकशे ऐंशी झाले की संपलं. मधे एक घास जरी पोटात गेला, तरी त्या प्राण्याचं सगळं पहिल्यापासून." सासूचा चेहरा बघून तिला वाटलं, जरा सोपं करून सांगावं. "असं समजा, आई, की त्यांचा उपास आहे."

त्या दिवशी बाईंनी पान वाढून घेतलं, समोर बसल्या, आणि पोळीचा तुकडा हातातच राहिला. घरात सहा जीव, आणि एकशे एकसष्ट दिवस पोटात काही नाही. पान तसंच झाकून ठेवलं. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशीही तेच.

विचारलं तर म्हणत, "भूक नाही."

घरातल्या इतरांनी यावरून आपापले अर्थ काढले. स्वयंपाकाला मदत करणाऱ्या अंजनाबाईंचा अर्थ तर तयारच होता.

"काहून जेवून नाही राहिल्या ताई, मले ठाऊक आहे," त्या मधुकररावांना म्हणाल्या. "देवघराच्या भिंतीले लागून खेकडे ठेवले सूनबाईनं. विटाळ नाही का तो? मी तर त्या फ्रीजच्या बाजूनं जातच नाही. चौदा पायाचं काही माह्या अंगावर आलं तं कोण जबाबदार?"

"ते फ्रीजचं दार उघडून येणार आहेत का तुमच्या अंगावर?"

"काय भरोसा, भाऊजी. उपाशी आहेत."

मधुकररावांनी हे अबोलीला सांगितलं, अर्थातच समजुतीच्या सुरात, आणि अबोलीचा चेहरा उतरला. तिनं आणि सासऱ्यांनी मिळून फ्रीज देवघराजवळून उचलला आणि पुढच्या खोलीत, सोफ्यामागे नेऊन ठेवला. मग ती सासूजवळ येऊन बसली.

"आई, माझं चुकलं. आधी विचारायला हवं होतं. हवं तर मी हॉटेलात खोली घेते."

"हॉटेलात कशाला गं?" बाई घाबरून म्हणाल्या. "तिथे तर त्यांना कोणीच विचारणार नाही."

अबोलीला याचा काही अर्थ लागला नाही. आणि बाईंनाही पुढे बोलता आलं नाही. माझा नेम मोडतोय म्हणून तुझा प्रयोग मोड, असं पोरीला सांगायचं कसं? एकशे एकसष्ट दिवस तिनंही काहीतरी पाळलंच होतं की. रोज सकाळी अंघोळ करून, वही घेऊन, त्या बरण्यांपुढे ती बसायची, तेव्हा बाईंना ती पोथी वाचायला बसल्यासारखी दिसायची.

तिसऱ्या दिवशी एकादशी होती. विहंगला व्यायामासाठी धंतोलीला न्यायचं होतं. निघताना अबोली म्हणाली, "आई, तुम्हाला राग नसेल तर एक काम करता? तास-दोन तासांनी फ्रीजवरचा तापमानाचा आकडा बघाल? दोनच्या वर गेला तर फोन करा."

पहिल्यांदाच सुनेनं आपलं काही त्यांच्या हाती सोपवलं होतं. बाईंनी आकडा बघितला. दोन. पाच मिनिटांनी पुन्हा बघितला. दोन. मग स्वयंपाकघरात जाऊन भिजवलेला साबुदाणा मोकळा करायला लागल्या, आणि बोटं तिथेच थांबली.

यांचा उपास आहे. उपासाला आपण काय खातो? साबुदाणा. साबुदाण्यानं उपास मोडतो का? आजवर कोणाचा मोडला?

बाईंनी डोळे मिटून हात जोडले. इतकी साधी गोष्ट, आणि दोन दिवस सुचू नये. सुनेचा उपास शाबूत, आपला नेम शाबूत, सहा जीव तृप्त. एका वाटीत त्यांनी मोजून तीस दाणे घेतले, प्रत्येकाला पाच. देवापुढे दाखवले. मग फ्रीज उघडून एकेका बरणीत हलकेच सोडले. पांढऱ्या वाळूवर पांढरे दाणे दिसेनासे झाले. "सावकाश खा," त्या पुटपुटल्या, दार लावलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच पोटभर खिचडी खाल्ली. ती त्यांना अमृतासारखी लागली, वर ताकही प्याल्या.

चार वाजता अबोली परतली, फ्रीज उघडला, आणि तशीच उभी राहिली. सहाही बरण्यांतलं पाणी दुधाळ झालं होतं.

"बाबा!"

मधुकरराव वीज खात्यातून निवृत्त झालेले. जगातल्या कुठल्याही संकटाचं मूळ व्होल्टेजमध्ये असतं, यावर त्यांची श्रद्धा. ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच आले. "दुपारी लाईन कमी-जास्त होऊन राहिली होती. तरी मी म्हणत होतो, स्टॅबिलायझर लावा."

"बाबा, आकडा दोनच आहे. पाणी बिघडलंय."

"नजर लागली," दारातून अंजनाबाई म्हणाल्या. "माही नाही हं. मी पाहिलंच नाही."

"आता मागून फ्रीज उघडू नका हो," सोफ्यावर गुडघा पसरून बसलेला विहंग बापाला म्हणाला.

अबोलीनं आपल्या मार्गदर्शकांना, शरच्चंद्र सरांना, फोन लावला आणि बोलता बोलता स्पीकर सुरू केला. सरांचा आवाज थकलेला होता. "दुधाळ पाणी म्हणजे जंतुसंसर्ग, अबोली. सहाही बरण्यांत आहे ना? मग एकही वाचायचा नाही. सडण्याआधी स्पिरिटमध्ये घाल. निदान शरीरं तरी तपासायला मिळतील. वाईट वाटतंय मला."

अबोलीनं बॅगेतून स्पिरिटची बाटली काढली. सहा छोट्या डब्या ओळीनं मांडल्या. पहिल्या बरणीचं झाकण उघडताना ती बाहीनं डोळे पुसायला लागली.

सुहासिनीबाई देवघराच्या दारात उभ्या होत्या. आजवर या घरात त्या कधी मोठ्यानं बोलल्या नव्हत्या. आत्ताही नाही बोलल्या. पण पुढे आल्या आणि त्यांनी बरणीवर आपला तळहात ठेवला.

"थांब बाळा. तो रोग नाही. साबुदाणा आहे."

फोनमधून सर म्हणाले, "काय आहे?"

"साबुदाणा," बाई फोनकडे वाकून, कोण्या वडीलधाऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या. "एकादशी होती. हे उपाशी, आणि मी जेवणार कशी? म्हटलं, उपासाचं दिलं तर उपास मोडणार नाही. प्रत्येकाला पाच दिले. धुऊन दिले होते."

मधुकररावांच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर हळूहळू खाली आला. अबोली सासूकडे बघत राहिली.

"म्हणून तुम्ही दोन दिवस जेवत नव्हता? मला वाटलं, माझ्यावर..."

"तुझ्यावर कशाला रागावू?" बाईंचे डोळे भरून आले. "पण आता तुझे सगळे दिवस गेले ना? माझ्यामुळे."

"मोजा," फोनमधून सर म्हणाले. आवाजातला थकवा पार गेला होता. "आधी दाणे मोजा. किती उरलेत?"

चिमट्यानं अबोली एकेक दाणा काढायला लागली आणि बाई ताटलीत मांडायला. पहिल्या बरणीत पाच. दुसरीत पाच. मधुकरराव पाठीमागून मोठ्यानं मोजत होते, अंजनाबाई फ्रीजच्या अगदी जवळ येऊन उभ्या होत्या आणि ते त्यांच्या लक्षातही नव्हतं. तिसरी, चौथी, पाचवी. सहावीत चार.

"एकोणतीस," मधुकरराव म्हणाले.

अबोलीनं वाळू उकरली. काही नाही. एक दाणा पोटात गेला, म्हणजे एक प्राणी प्रयोगातून बाद, म्हणजे एकशे त्रेसष्ट दिवसांच्या कष्टाचा सहावा भाग गेला.

"उचला ना त्याले," अंजनाबाई म्हणाल्या. "बुडाखाली घेऊन बसला असन. आमचा नातू असाच करते, नावडतं असलं की."

अबोलीनं त्याला अलगद उचललं. खाली तिसावा दाणा होता, जसा टाकला तसा.

"तीस!" मधुकरराव ओरडले. विहंगनं टाळ्या वाजवल्या. अबोलीनं सासूला मिठी मारली, चिमट्यासकट. फोनवर सर लिहून घ्यायला सांगत होते: "दिवस एकशे त्रेसष्ट. अन्न देऊ केलं. सहाही प्राण्यांनी नाकारलं. फार मोलाची नोंद आहे, अबोली. मला हे कधी सुचलं नसतं. पाणी बदल, काही होणार नाही त्यांना. आणि तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग."

अबोलीनं नवं पाणी भरलं. अंजनाबाईंनी चहा टाकला. मधुकरराव विहंगला सांगत होते की व्होल्टेजचं मात्र बघायलाच हवं. सगळं घर आनंदात होतं.

फक्त सुहासिनीबाई ताटलीतल्या तीस दाण्यांकडे बघत बसल्या होत्या.

"आई, काय झालं? वाचले ना सगळे."

"वाचले गं. देवाची कृपा." त्या आणखी हळू बोलल्या. "पण माझ्या हातचा साबुदाणा आजवर कोणी परत केला नव्हता."

"आई, त्यांना भूकच नाही."

"तसं नसेल." बाईंनी एक दाणा बोटांत धरून जरा विचार केला. "मी नुसताच घातला, अळणी. आणि ती खाऱ्या समुद्रातली माणसं."

अबोलीनं घाईघाईनं फ्रीजला कुलूप लावलं आणि किल्ली विहंगच्या उशीखाली ठेवली.